गोठा रिकामा, तरीही

नगर

प्रिय मित्रा,
सलाम.

तुझं पत्र मिळालं. चाळीतला कांदा सडला, विहिरीनं तळ गाठला, वर सोसायटीचं कर्ज. एवढं सगळं लिहून शेवटी तू विचारतोस, "वहिनी डायलिसिसला निघताना गुणगुणत होत्या, ते खरं होतं की आम्ही बसलो होतो म्हणून?" विचारलंस ते बरं केलंस. बाकीचे "देवाच्या मनात असेल तसं" म्हणतात आणि चहा पिऊन जातात.

खरं होतं. पण तिला दुखत नाही असं समजू नकोस. सुई चांगली जाड असते, टोचताना ती माझा हात आवळून धरते. चार तास मशीनपाशी पडून राहायचं आणि घरी आलं की अंगात त्राण नसतं. पाणीही मोजून; या उन्हाळ्यात ती छोट्या स्टीलच्या वाटीनं पाणी पिते आणि वाटी पालथी घालून ठेवते, म्हणजे पुन्हा हात जायला नको. रात्री झोपण्यापूर्वी मी तिच्या डाव्या हातावर, फिस्टुला केलाय (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेनं जोडलेली नस) तिथं, बोट ठेवतो. कातडीखाली रक्ताची थरथर लागते. ती लागली की नस चालू आहे, काळजी नाही. बोट तसंच ठेवून आम्ही प्रार्थना करतो. कधी लांबलचक, कधी ती नुसतं "प्रभू, कंटाळा आला रे" म्हणते आणि आमेन.

अशी कुरकुर करायला आमच्याकडे बंदी नाही. बायबलातल्या 150 स्तोत्रांतली कितीतरी सरळ सरळ गाऱ्हाणी आहेत. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे बाविसाव्या स्तोत्रातलं, वधस्तंभावर येशूच्या तोंडी तेच आलं. मग आमच्यातलं कुणी रडलं तर त्याचा विश्वास कमी, असं म्हणायला तोंड कुणाला आहे? विश्वास ठेवा, आजार पळेल, पैसा येईल, असं सांगत फिरणाऱ्या उपदेशकांचा मला रागच येतो. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" हे येशूचा प्रेषित पौल यानं फिलिप्पैकरांना लिहिलं तेव्हा तो कैदेत होता. पुढं काय होणार, सुटका की मरण, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

आणि तू शेतकरी, म्हणून तुला हबक्कूक वाचायला सांगतो. जुन्या करारातलं, त्याच नावाच्या संदेष्ट्याचं, इनमिन तीन अध्यायांचं पुस्तक. सुरुवातच तक्रारीनं: देवा, मी किती ओरडू, तू ऐकतच नाहीस. शेवटी काय म्हणतो? अंजिराला फूल नाही, वेलाला द्राक्ष नाही, शेत पिकलं नाही, मेंढवाड्यात कळप नाही, गोठ्यात गुरं नाहीत. तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. दुष्काळ संपल्यावर नव्हे रे, दुष्काळातच. कांदाचाळीचं नाव तेवढं त्यात नाही.

आपल्याकडचंच माणूस हवं तर दौंडजवळच्या केडगावच्या पंडिता रमाबाई. आईवडील आणि बहीण दुष्काळात काही महिन्यांत गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, 1882 साली, नवरा पटकीनं गेला. पदरात तान्ही मनोरमा. 1896 च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी पोरीबाळींना घेऊन आल्या. भूक म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. 1921 मध्ये मनोरमाही गेली. आईनं लेकीला पोचवलं आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर पुढं चालूच ठेवलं. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. त्या रोज आनंदात होत्या असं मी म्हणणार नाही. पण पायाखाली काहीतरी घट्ट असल्याशिवाय एवढं होत नाही.

आमच्या पायाखाली काय आहे? डॉक्टरांनी गॅरंटी दिलेली नाही, मागायची सोयही नाही. मरण असो, जीवन असो, ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला काहीच वेगळं करू शकणार नाही, असं पौल रोमकरांना लिहितो. त्या वाक्यात मरणाचं नाव आधी आहे, म्हणून मला ते पटतं. शिवाय आमची चर्चची मंडळी आहे. कोण दवाखान्यात सोडायला येतं, कोण बिनमिठाची भाजी पाठवतं. (ती भाजी मलाही खावी लागते, हे दुःख वेगळं.)

तुझी वहिनी गुणगुणत होती ते ना. वा. टिळकांचं भजन. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. तुझ्या आप्पांना चाल ऐकवलीस तर ते टाळ काढतील.

रविवारी उपासनेनंतर घरी ये. कर्जाचे सगळे कागद घेऊन ये. मंडळीतले एक काका बँकेतून निवृत्त झालेत, त्यांना सांगून ठेवलंय. हप्ते लांबवता येतात का ते बघतील. येताना शहाळं मात्र आणू नकोस, तिला पोटॅशियम चालत नाही. सडक्यातून निवडलेला थोडा कांदा आणलास तर चालेल.

तुझा,
नगरकर