‘नेबो’मधला सकार

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील भाषाविषयक लेखात आकाशवाचक रशियन शब्द ‘नेबो’ हा संस्कृत ‘नभस्’पासून निघाला, असे म्हटले आहे. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर रशियन पाट्या नित्य दिसणाऱ्या आमच्या पेडणे तालुक्यात हे विधान चटकन पटण्याजोगे आहे, म्हणूनच हा पत्रप्रपंच. नाते खरे आहे. मात्र ते मायलेकीचे नसून बहिणीबहिणींचे आहे.

‘नेबो’ हे आद्य-स्लाव, म्हणजे रशियनसह साऱ्या स्लाव भाषा जिच्यातून निघाल्या त्या भाषेतील नपुंसकलिंगी नाम. ती भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही. नवव्या शतकापासूनची प्राचीन चर्च स्लाव्होनिक ही स्लावांची धर्मग्रंथांची भाषा आणि आजच्या स्लाव भाषा ताडून तिची रूपे सिद्ध करावी लागतात, आणि अशा रूपापुढे तारकाचिन्ह घालण्याचा प्रघात आहे. या नामाचे कूळ कळते ते षष्ठीत. प्रथमा ‘नेबो’, पण षष्ठी ‘नेबेसे’ आणि प्रथमेचे अनेकवचन ‘नेबेसा’. प्रथमेत न दिसणारा सकार पुढच्या रूपांत उघड होतो. ज्याने शाळेत ‘मनः, मनसः’ चालवले आहे त्याला हा सकारान्त शब्द लगेच ओळखू यावा. आजच्या रशियनमध्ये एकवचनातला सकार गेला, षष्ठी ‘नेबा’ झाली. अनेकवचनात मात्र ‘नेबेसा’ टिकून आहे.

संस्कृतला जननी मानण्यात अडचण आहे ती ‘ने’मधल्या एकाराची. ग्रीकमध्ये ढगाला ‘नेफोस’ आणि आजच्या तुर्कस्तानातील प्राचीन हित्ती भाषेत आकाशाला ‘नेपिस’ म्हणत, यावरून या साऱ्या भाषांची समान पूर्वज असलेल्या भारोपीय भाषेतील मूळ शब्दात एकार होता आणि भारत-इराणी शाखेत त्याचा अकार झाला, हे स्पष्ट होते. जो एकार संस्कृतात उरलाच नव्हता, तो स्लावांना संस्कृताकडून कसा मिळणार? उलट मूळचा महाप्राण ‘भ’ संस्कृताने राखला, स्लावांकडे त्याचा ‘ब’ झाला. ढग किंवा धुके हा जुना अर्थही वैदिक ‘नभस्’मध्ये आढळतो, ‘नेबो’त आकाश तेवढे उरले.

इंग्रज जेझुइट धर्मप्रसारक फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ मध्ये गोव्यातून भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची रचना लॅटिन आणि ग्रीकशी मिळतीजुळती असल्याचे नोंदवले, तेही संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एकच असावे असे सांगणाऱ्या विल्यम जोन्स यांच्या १७८६ च्या कलकत्त्यातील भाषणाच्या दोनशे वर्षे आधी. स्टीफन्स यांनी रचनेकडे पाहिले, हे मला विशेष मोलाचे वाटते.

ही लेखमाला पुढे चालणार असेल, तर शब्दांच्या जोड्यांसोबत त्यांची विभक्तिरूपेही छापावीत, ही विनंती. ‘स्लोवो, स्लोवेसे’ (शब्द) आणि ‘श्रवः, श्रवसः’ (कीर्ती) ही जोडी पुढच्या रविवारी घेता येईल.

आपला,
एक निवृत्त संस्कृत शिक्षक,
पेडणे, गोवा