गटातल्या शेतकरी महिलांची नावे सातबाऱ्यावर यावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यानिमित्त ठिकठिकाणी मेळावे होतील, बचत गटांच्या महिलांना व्यासपीठावर बोलावले जाईल, पुष्पगुच्छ दिले जातील आणि त्याची छायाचित्रे आपल्या दैनिकातही येतील. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातल्या एका बचत गटाची सचिव म्हणून या सत्काराचा मला आनंदच आहे. मात्र ज्या महिलांचा सत्कार होणार आहे, त्यांतल्या बहुतेकींचे नाव त्या कसत असलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नाही आणि त्यामुळे सरकारदरबारी त्या शेतकरीच नाहीत, ही गोष्ट आपल्या वाचकांपुढे यावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या भागातील महिला गटांची पाळेमुळे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपापर्यंत जातात. किल्लारी आणि परिसरातील गावे उद्ध्वस्त झाल्यानंतर पुनर्बांधणीच्या काळात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. घरदुरुस्तीची मदत, साहित्य, बांधकामाची रीत यांविषयी गाव आणि शासन यांच्यात दुवा म्हणून काम करताना, उंबऱ्याबाहेर फारशा न गेलेल्या या महिला अधिकाऱ्यांशी बोलू लागल्या. पुढे त्यांतूनच बचत गट उभे राहिले. नंतर महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ नंतर राज्याचे ‘उमेद’ हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांच्यामुळे गटांची संख्या वाढली, गावातल्या गटांचे मिळून ग्रामसंघ झाले आणि बचतीला बँकेची जोड मिळाली. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की आमच्याकडचा गट केवळ कर्जासाठी जन्मला नाही. संकटात सापडलेले गाव सावरण्याच्या कामातून तो आला आहे.

दुसरे संकट दुष्काळाचे होते. २०१२ पासून पाऊस वारंवार दगा देत गेला आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे साऱ्या महाराष्ट्राला आठवत असेल. शहराच्या पाण्याची बातमी झाली, पण त्याच वर्षांत खेड्यांतल्या घरांमध्ये खायला काय आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. शेतात सोयाबीन, ते गेले की हाती काही नाही, आणि डाळीपासून भाजीपर्यंत सारे बाजारातून विकत आणायचे, अशी अवस्था आली होती. त्या काळात गटांमधून एक साधी मागणी पुढे आली, की घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर तुकडा बाईच्या हाती द्यावा आणि त्यात काय पेरायचे हे तिला ठरवू द्यावे. स्वयं शिक्षण प्रयोगाने हीच ‘एक एकर शेती’ लातूर, धाराशिव, सोलापूर, नांदेड या जिल्ह्यांत रुजवली आणि २०१६ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला.

त्या एका एकरात काय असते, हे पाहण्यासारखे आहे. तूर, मूग, उडीद, ज्वारी, रब्बीत हरभरा, करडई आणि जवस; बांधाला आंबाडी, शेवगा; मधल्या वाफ्यांत मेथी, शेपू, चुका, पालक, गवार, भेंडी, वांगी, दोडका. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते. खत आणि फवारणीचे औषध बहुतेक घरचेच असते. गांडूळखत, जीवामृत, निंबोळी अर्क आणि दशपर्णी अर्क गटातल्या महिला मिळून तयार करतात, त्यामुळे दुकानातल्या उधारीचा मोठा भाग वाचतो. बियाणे राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात ठेवून पुढच्या हंगामाला एकमेकींना दिले जाते. खुरपणीला मजूर न लावता सावडीने आज हिच्या रानात, उद्या तिच्या रानात असे काम होते. गटाच्या मासिक बैठकीत बचत गोळा होते, अंतर्गत कर्ज दिले जाते, दप्तर लिहिले जाते आणि त्याच बैठकीत कोणाच्या तुरीवर अळी पडली आणि कोणाच्या विहिरीचे पाणी किती उतरले, हेही बोलले जाते. काही गावांत गटांनी डाळमिल घेतली आहे, काही ठिकाणी गटाचा माल आठवडी बाजारात एकत्र नेला जातो.

आमच्याकडे वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, सारे गाव रानात जाते. त्या दिवशीच्या भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, शेंगदाणे आणि मिळतील तितक्या भाज्या पडतात. आपल्या रानात जे जे पिकते ते सारे एका भांड्यात यावे, असा तो बेत आहे. नुसत्या सोयाबीनच्या रानात येळवस करायची तर भज्जीचा सारा जिन्नस बाजारातून आणावा लागतो, आणि कितीतरी घरांत तो तसा आणला जात होता. गटातल्या महिलांच्या एका एकरामुळे तो पुन्हा रानातून येऊ लागला, याचे मोल पैशांत सांगता येणार नाही.

आता व्यवहाराकडे वळते. सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला पीककर्ज मिळते आणि वेळेत परतफेड केल्यास राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाख रुपयांपर्यंतचे कर्ज शून्य टक्के व्याजाने पडते. त्याच घरात, त्याच जमिनीचा तुकडा कसणाऱ्या बाईला मात्र गटाच्या अंतर्गत कर्जावर किंवा गटाच्या बँक कर्जातल्या तिच्या वाट्यावर भागवावे लागते, आणि ते पुरले नाही की वीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणाऱ्या खासगी मायक्रोफायनान्स कंपनीच्या दारात जावे लागते. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत खंडाने कसणारे आणि त्यांचे गटसुद्धा बसतात, हे खरे आहे. तरीही आमच्या गटातील एक महिला त्यासाठी एका शाखेत गेली असता, नावाचा सातबारा घेऊन या, एवढेच उत्तर तिला मिळाले. ज्या गटाने आपली परतफेड कधी चुकवली नाही, त्या गटातल्या बाईची पत एका कागदाअभावी शून्य धरली जाते, हे मला अन्यायाचे वाटते.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने आणि पुराने ही गोष्ट अधिक ठळक केली. मांजरा-तेरणेच्या खोऱ्यात उभी पिके पाण्याखाली गेली, काही ठिकाणी जमिनीच खरडून गेल्या. पंचनामे सातबाऱ्याप्रमाणे होतात आणि मदतही खातेदाराच्या खात्यात जाते. ज्या वाफ्यांवर बाईने हंगामभर राबून घराला भाजी पुरवली, त्यांच्या नुकसानीची नोंद तिच्या नावाने कोठेही झाली नाही. आता शेतकरी ओळखपत्राशिवाय कृषी योजनांचा लाभ मिळत नाही आणि ते ओळखपत्र जमिनीच्या नोंदीवर आधारलेले आहे. म्हणजे कागद जितके पक्के होत जातील, तितकी ही बाई कागदाच्या अधिक बाहेर जाईल.

या प्रश्नावर महाराष्ट्रात पूर्वी काम झालेले नाही असे नाही. शेतकरी महिला आघाडीचे चांदवडचे अधिवेशन १९८६ मध्ये झाले, त्यानंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि शेकडो गावांत पुरुषांनी स्वेच्छेने पत्नीच्या नावे जमीन केली. शासनानेही १९९२ मध्ये पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. ही सोय आज किती घरांना माहीत आहे? आमच्या भागात अर्ज करायला गेलेल्या जोडप्यांना आधी ‘असे काही नसते’ असे ऐकावे लागते. बरेचदा नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात घालण्याचा सल्ला दिला जातो. भोगवटादाराच्या रकान्यात नाव येणे आणि ‘इतर हक्कां’त येणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, कारण पहिल्या नोंदीने ती जमिनीची धारक होते, दुसऱ्या नोंदीने होत नाही. गटांच्या बैठकीत बचतीचा हिशेब शिकवला जातो तसा सातबारा वाचायलाही शिकवला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

नाव लावल्याने जमिनीचे तुकडे होतील, उद्या सून जमीन विकून जाईल, असे आक्षेप गावात ऐकू येतात. सामाईक नोंदीने जमिनीचे वाटप होत नाही. गट क्रमांक तोच राहतो, बांधही तोच राहतो. बदलते ते एवढेच, की तिच्या सहीशिवाय सामाईक जमीन परस्पर विकता किंवा गहाण टाकता येत नाही. दारूपायी किंवा सावकारापायी जमिनी कशा गेल्या, हे ज्या घरांनी पाहिले आहे, त्यांना या दुसऱ्या सहीचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. घरकुल योजनेत घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे करण्याचा नियम आपण स्वीकारला, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लागू लागले. मग जमिनीलाच एवढा विरोध का असावा?

गटातल्या ज्या महिलांच्या घरी जमीनच नाही, त्यांचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छिते. त्यांत दलित, भटक्या समाजातील आणि एकट्या महिला अधिक आहेत. त्या बटईने (पिकाच्या वाट्यावर) किंवा ठोक्याने (ठरावीक रकमेवर) दुसऱ्याची जमीन करतात, पण हा व्यवहार जवळजवळ सर्वत्र तोंडी होतो, कारण कुळाचा हक्क लागेल या भीतीने मालक कागद करून देत नाही. आणि कागद नसेल तर पीकविमाही नाही. केरळमध्ये कुडुंबश्री या तिथल्या शासनाच्या महिला गटांच्या अभियानातील महिला लहान गट करून भाड्याच्या जमिनीवर सामूहिक शेती करतात आणि बँका त्या गटांना कर्ज देतात. कृषिशास्त्रज्ञ डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत मांडलेल्या महिला शेतकऱ्यांच्या हक्कांच्या खासगी विधेयकात, जमिनीची मालकी नसली तरी ग्रामसभेच्या मान्यतेने ग्रामपंचायतीने महिलेला शेतकरी असल्याचे प्रमाणपत्र द्यावे, अशी तरतूद होती. ते विधेयक मंजूर झाले नाही. तथापि असे प्रमाणपत्र देणारा कायदा राज्याला करता येईल, आणि त्यासाठी महिला शेतकरी वर्षासारखे दुसरे औचित्य नाही.

आपल्या राज्यात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे. ती बऱ्याच गावांत केवळ रजिस्टरवरच्या सह्यांपुरती होते. ग्रामसंघांनी या वर्षी ती सभा खरोखर भरवावी आणि सहधारक नोंदीसाठी इच्छुक जोडप्यांची यादी त्याच सभेत करून तलाठी कार्यालयाला द्यावी, असे आवाहन मी या पत्राद्वारे सर्व गटांना करते. आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. मराठवाड्यातील प्रत्येक तहसील कार्यालयाकडून, १९९२ पासून पत्नीचे नाव सहधारक म्हणून किती सातबाऱ्यांवर लागले आणि किती अर्ज प्रलंबित आहेत, याची माहिती मागवून ती तालुकानिहाय प्रसिद्ध करावी.

आपली,
एका बचत गटाची सचिव,
ता. औसा, जि. लातूर