विषाणूचा फोटो छापलात, श्वास कोण मोजणार?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

कालच्या पहिल्या पानावरचे ‘बालकांवर नव्या विषाणूचे संकट’ वाचले. नवा? बाळांना सर्दी-खोकला आणि धाप लावणारे हे विषाणू जुनेच: एचएमपीव्ही २००१ साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेला आणि आरएसव्ही तर १९५६ पासून ठाऊक आहे. जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या दोन बाळांना एचएमपीव्ही झाल्याची बातमी आली तेव्हाही असाच गलका झाला होता. ती बाळे परदेशी गेलीच नव्हती, म्हणजे विषाणू इथलाच होता, हे मात्र कोपऱ्यात छापले गेले.

बातमीत शेवटी सल्ला आहे, ‘लक्षणे दिसताच चाचणी करून घ्या’. वा! गेल्या भाद्रपदात माझ्या चार महिन्यांच्या नातीला आम्ही दवाखान्यात नेले. आधी नुसते नाक वाहत होते. मग दूध ओढता ओढता मध्येच थांबायची, धापा टाकायची, आणि दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत जायची. दाखल करतानाच माझ्या मुलाच्या सह्या घेतल्या, त्यात नाकाच्या स्वॅबमधून एकदम अनेक विषाणू शोधणारे कसलेसे ‘पॅनल’ही होते. रिपोर्ट आला तेव्हा ऑक्सिजन सुटून पोर टोपडे घालून घरी निघालेली! आरएसव्ही पॉझिटिव्ह. उपचार काय बदलले? काहीच नाही. ऑक्सिजन, नाक साफ करणे आणि नळीने थोडे थोडे दूध, एवढ्यावरच ती बरी झाली. बिलात मात्र पॅनलचा आकडा खाटेच्या भाड्याहून मोठा. “मग केली कशाला?” विचारले, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “कळायला हवं ना, काकू.” आम्हाला कळले ते बिल भरताना.

साथीवर नजर ठेवायला सरकारी प्रयोगशाळा नमुने तपासतात, ते तपासावेतच. पण घाबरलेल्या आईबापांना लॅबच्या रांगेत उभे करणारे आपण कोण?

सांगायचे होते ते वेगळेच. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, किंवा छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध घेत नसेल, तर तडक दवाखाना गाठा. आमच्या अंगणवाडी ताईंना हे पाठ आहे, आपल्या वार्ताहरांना नाही. आणि ‘थंडीत जपा’ हे कोणत्या देशातून उचललेत? आमच्याकडे वॉर्ड पावसाळ्यातही भरतात.

जाता जाता, त्याच बातमीखाली मुलांच्या खोकल्याच्या सिरपची चांगली हातभर जाहिरात होती. असेच, पण विषारी निघालेले सिरप प्यायलेली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुले २०२५ मध्ये नागपूरला आणली गेली, त्यातली किती तरी परत गेली नाहीत, त्याला फार काळ लोटलेला नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधे देऊ नयेत, असे केंद्रानेच तेव्हा कळवले होते आणि ते आपणच छापले होते.

श्वासांच्या आकड्यांची चौकट रविवारी पहिल्या पानावर द्यावी ही विनंती. जागेची अडचण असल्यास सिरपवाल्यांना आत सरकवावे.

आपली,
एक आजी, ठाणे