शनिवारचं जेवण आणि बाबांचा गूळ

सस्कॅटून, कॅनडा
जानेवारीचा तिसरा बुधवार, रात्री

ती. आई आणि ती. बाबांना शिरसाष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

फोनवर गुळाचा विषय काढला की बाबा लगेच संत्र्याच्या भावावर जातात, म्हणून या वेळी कागद-पेन घेऊन बसले. वहिनी, या पत्राचे फोटो आले की ओसरीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. बाबा मधेच गोठ्याकडे निघाले तर थांबा, ते परत आल्यावर पुढचं वाचा.

बाहेर उणे २८ आहे. नदी गोठली आहे. अशा थंडीत माणसाला तळलेलं, तुपातलं, गोडच आठवतं. आमच्या लॅबमध्ये गेले दोन आठवडे तोच विषय चालू आहे. दुपारच्या डब्याला एकजण म्हणाली, काळं चॉकलेट हृदयाला चांगलं, मी रोज खाते. शेजारचे वयस्क गृहस्थ म्हणाले, मग माझी लाल वाईनही चांगली. माझी पंजाबी शेजारीण म्हणाली, आमच्या पिन्नीपुढं तुमचं काही चालायचं नाही. शेवटी असं ठरलं की शनिवारी सगळ्यांनी माझ्याकडे जेवायला यायचं, प्रत्येकानं आपला एक चंगळीचा पदार्थ आणायचा आणि तो अंगाला चांगला का, ते सांगायचं. आठ जण आहोत. मुख्य स्वयंपाक माझा.

बेत असा केला आहे. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, गोळाभात, कढी, सांबारवडी, जवसाची चटणी. शेवटी माणशी एक पुरणपोळी. वांगी ओव्हनमध्येच भाजावी लागतील, तुराट्यांवरचा तो धुराचा वास इथं मिळायचा नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र भरपूर मिळतो, हिरवागार, जुड्याच्या जुड्या. आपल्याकडे थंडीत सांबार स्वस्त झाला की आई परातभर चिरून बसायची, तसं शुक्रवारी रात्री मी बसणार आहे. खसखस इथल्या दुकानात आहे, चारोळी नाही, तिच्याशिवाय करीन.

आता जवसाचं सांगते, कारण ते सांगायला मी किती दिवस थांबले आहे. हे सस्कॅचवान राज्य म्हणजे जवसाचं माहेर आहे. कॅनडातलं बहुतेक जवस इथं पिकतं. जुलैत गावाबाहेर गेलं की मैलच्या मैल निळी शेतं दिसतात. फुलं सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात, हुबेहूब आपल्या हरभऱ्याच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, ओळींसारखी. पहिल्या वर्षी ते निळं पाहिलं तेव्हा मी गाडी थांबवून रडले होते. आबा त्या ओळींतून मला खांद्यावर घेऊन जायचे.

इथं हेच जवस पिशवीत भरून आरोग्याचं म्हणून महाग विकतात. आणि नुसती जाहिरात नाही बरं. २०१४ साली कॅनडाच्या आरोग्य खात्यानं पुरावे तपासून मान्य केलं की दळलेलं जवस कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतं. दाण्यात साधारण चाळीस टक्के तेल असतं, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-३ चा. मात्र अख्खा दाणा तसाच पोटातून बाहेर पडतो, तो कुटलेलाच पाहिजे. आईनं कधी कुठं वाचलं नव्हतं, पण ती तव्यावर तडतडेपर्यंत भाजून, लसूण-मिरची-मीठ घालून खलबत्त्यात कुटतच होती. आणि थोडीच कुटायची, संपली की पुन्हा. तेही बरोबर, कारण कुटलेलं जवस ठेवून ठेवून खवट होतं. खरं तेही सांगायला हवं की त्या खात्यानं दिवसाला ४० ग्रॅम धरले आहेत आणि दोन चमचे चटणीत दहा-बारा ग्रॅमच जातात. तेवढ्यानं औषधाचं काम होणार नाही. पण रोज ताटात पडणारं ते चांगलं अन्न आहे, आणि वहिनी, तुम्हीच म्हणालात की आता घरी कोणी खात नाही, पाहुणे आले तर वाढायलाही लाज वाटते. ती लाज सोडा. पुन्हा कुटायला घ्या.

आमच्या वादाचं काय झालं ते ऐका. चॉकलेटवालीला मी एक मोठा अभ्यास दाखवला. अमेरिकेत २१,४४२ वयस्क लोकांवर तो झाला, २०२२ साली निकाल आले. त्यांना रोज कोकोतलं सत्त्व कॅप्सूलमधून दिलं. हृदयविकारानं होणारे मृत्यू कमी दिसले, पण झटके, पक्षाघात वगैरे सगळे मिळून जे मोजायचं होतं, त्यात ठाम फरक पडला नाही. आणि ती कॅप्सूल होती, साखर-चरबीचं चॉकलेट नव्हे. ती म्हणाली, मग दोन तुकडे आवडतात म्हणून खाईन. मला ते उत्तर फार आवडलं. वाईनचं तर जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं की दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. त्या गृहस्थांना वाईट वाटलं. त्यांना मी ताकाची कढी पाजणार आहे.

पंजाबी शेजारणीची पिन्नी म्हणजे काय, तर अलसीचा लाडू, म्हणजे आपलं जवसच! तुपात भाजलेलं, कणीक आणि गूळ घालून. ती म्हणाली, अलसी चांगली, तूप घरचं, गूळ तर औषधच. आणि मला एकदम आई ऐकू आली, "गुयानं काई होत नाई."

बाबा, आता तुमच्याकडे येते.

दिवाळीनंतर तुमची तीन महिन्यांची साखर ८.१ आली. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली, तुम्ही ती त्याच दिवशी बंद केली. कौतुक आहे. पण चहात गूळ आला. जेवणानंतर गुळाचा खडा आला. वहिनी सांगतात, दिवसाला पाच चहा होतात. एका चहात दोन चमचे धरले तर १० ग्रॅम, पाच चहांत ५० ग्रॅम, खडा वेगळाच. गूळ म्हणजे उसाचा रस आटवलेला, त्यातला बहुतेक भाग साखरच. थोडं लोह, थोडी खनिजं असतात हे खरं, पण ती अंगी लागावीत एवढा गूळ खाल्ला तर साखर आधी चढेल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये जी मर्यादा सांगितली ती धडधाकट माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम, जमलं तर २५. त्यात मधही धरला आहे आणि फळांचा रसही. तुम्ही धडधाकट माणसाची मर्यादा नुसत्या चहात संपवता.

रसाचंही म्हणूनच सांगते. आपल्या बागेतली संत्री, तुम्ही पाहुण्यांना ग्लासभर रस देता आणि सोबत स्वतः घेता. एका ग्लासात तीन-चार संत्री जातात, चोथा फेकला जातो. त्यापेक्षा झाडाखाली बसून एक संत्र सोला आणि सालीखालच्या पांढऱ्या धाग्यांसकट फोडी चावून खा. तुम्हीच मला लहानपणी तसं खायला शिकवलं. वरूडच्या बाजारात आपण गेलो तेव्हा व्यापाऱ्यासमोर सोलून दाखवायचात, आठवतं का?

मी एवढी मागं का लागते, ते आपल्या घरात कोणी बोलत नाही, मी बोलते. आबांच्या पायाच्या करंगळीत बोराटीचा काटा गेला होता. त्यांना कळलंच नाही, कारण साखरेनं पायाची जाणीव गेली होती. जखम चिघळल्यावर मोजा रक्तानं भरलेला आजीला दिसला. पुढं पाय घोट्यापासून काढावा लागला. ज्या माणसानं मला जवसाच्या ओळींतून खांद्यावर नेलं, तो माणूस शेवटची चार वर्षं खाटेवरून धुरा बघायचा. आबाही साखर खात नव्हते. गूळ खात होते. बाबा, मला हे पुन्हा बघायचं नाही, आणि आता तर मी जवळजवळ बारा हजार किलोमीटरवर आहे, धावत यायचं म्हटलं तरी दोन दिवस लागतात.

म्हणून मी पुरणपोळी बंद करा म्हणत नाही. पुरणपोळी सणाची आहे. पोळ्याला, होळीला एक पोळी खा, वर आईनं सोडलेली तुपाची धार घ्या आणि मन लावून खा. तिला औषध म्हणायची गरज नाही. औषध म्हटलं की ती रोजची होते, गूळ तसाच रोजचा झाला. माझ्या शनिवारच्या पाहुण्यांनाही मी हेच सांगणार आहे, पुरणपोळीची बाजू मी मांडणार नाही, ती फक्त वाढणार.

तुपाबद्दल आई रागावेल. आई, तुझं तूप डालड्यापेक्षा कितीतरी बरं, यात वादच नाही. डालड्यातली ती कृत्रिम चरबी इतकी वाईट की कॅनडानं २०१८ मध्ये तशी तेलं बंद केली आणि आपल्याकडेही जानेवारी २०२२ पासून ती दोन टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम आला. पण तुपातही अर्ध्याहून जास्त चरबी संपृक्त असते, रक्तवाहिन्यांना जड जाणारी. वरण-भातावर चमचाभर ठीक. वाटीभर तूप पोळीबरोबर, ते सणाला. आणि एक विनंती, तळणीचं उरलेलं तेल डब्यात भरून आठवडाभर फोडणीला वापरू नकोस. पुन्हा पुन्हा तापलेलं तेल बिघडतं, म्हणून हॉटेलांना तर २०१८ पासून सरकारनं त्यासाठी मर्यादा घालून दिली आहे. सांबारवडी कर, पण कढईत थोडंच तेल घे. मीही तशीच करणार. माणशी दोन वड्या, तळलेल्याच. भाजून पाहिली मागच्या वर्षी, आवरण चिवट झालं, आतला सांबार कोरडा पडला. तळायचं तर नीट तळावं आणि कमी खावं.

गोळाभात मात्र मी मनापासून चांगल्यात धरते. बेसनाचे गोळे भातात वाफवलेले, डाळीचं सत्त्व आहे, तळण नाही. जपायचं ते वरच्या फोडणीच्या तेलाला. दादा पळीनं घेतो, त्यानं चमच्यानं घ्यावं. दादा, तू म्हणशील मी राबतो, मला पचतं. राबतोस हे खरं, पण नांगरटीपासून फवारणीपर्यंत आता ट्रॅक्टरच चालतो, आणि तर्री पोहे तू शेतात नाही, स्टँडवर बसून खातोस.

बाबांचं रात्रीचं ताट मी असं योजलं आहे, वहिनी, बघा जमतं का. ज्वारीची एक भाकर, पातळ थापलेली. ज्वारी आहे म्हणून तीन खाल्ल्या तर साखर चढणारच. चून (पिठलं) किंवा फोडणीचं वरण, पालेभाजी भरपूर, काकडी-मुळा, आणि चटणीवर चमचाभर कच्चं फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल. संध्याकाळी भूक लागली तर बिस्किटं नकोत, मूठभर भाजलेले फल्लीदाणे द्या. चिवट भूक असली तरी मूठभरच. गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच, घरच्या घरी कमी-जास्त करू नका.

चहाचं बाबांनी स्वतः ठरवायचं. इथं शनिवारचे संध्याकाळचे सात वाजतील तेव्हा तुमच्याकडे रविवारची सकाळ, साडेसहा झालेले असतील. आम्ही पानावर बसू, तुम्ही पहिला चहा घ्याल. मी व्हिडिओ कॉल लावते. तुम्ही बिनगुळाचा घ्या, आलं जास्त घाला, मी इथं माझाही तसाच करून ठेवते. पहिले आठ दिवस कडू लागेल. पाचाचे तीन चहा झाले तरी मला चालेल.

आई, आता दोन गोष्टी लगेच कळव. गोळे भातात फुटू नयेत म्हणून बेसनात मोहन किती घालतेस? मागच्या वेळी माझा अर्धा भात पिवळा झाला होता. आणि पुरणात जायफळ आधी की वाटल्यावर? शुक्रवारी डाळ शिजायला घालीन, त्याआधी उत्तर हवं.

तुमची,
धाकटी