गाडी आली की चालायला लागणारी जोन

पोर्टलंड, मेन
ऑगस्ट

ती. आईस सा. नमस्कार,

गेल्या शनिवारी आम्ही सगळे शेजारच्या केप एलिझाबेथला शर्यतीत पाणी वाटायला गेलो होतो. दहा किलोमीटर, शेवट थेट समुद्रकाठच्या दीपगृहापाशी. नाव 'बीच टू बीकन'. ही शर्यत १९९८ मध्ये सुरू केली ती याच गावच्या जोन बेनॉइट सॅम्युएलसनने. फोनवर तू विचारलंस, ही बाई कोण? तेव्हा घाईत होते, आता नीट सांगते.

शाळेत असताना बर्फावर स्कीइंग करताना तिचा पाय मोडला. तो बरा व्हावा म्हणून पळायला लागली आणि मग पळतच राहिली. पण सुरुवातीला रस्त्यावर पळायची तिला इतकी लाज वाटायची, की गाडी आली की ती चालायला लागे आणि फुलं बघत असल्याचं सोंग करी! हे वाचलं आणि मला तूच आठवलीस. साडीवर बूट घालून झपझप चालतेस आणि ओळखीचं कुणी दिसलं की लगेच भाजीवालीकडे वळतेस.

१९७९ मध्ये बोडन कॉलेजात शिकत असताना तिने बॉस्टन मॅरेथॉन (म्हणजे सुमारे बेचाळीस किलोमीटरची शर्यत) जिंकली, २ तास ३५ मिनिटं १५ सेकंदांत. तेव्हा तिला फारसं कुणी ओळखतही नव्हतं. चार वर्षांनी तिथेच २:२२:४३, म्हणजे बायकांमधली तोवरची जगातली सर्वोत्तम वेळ.

खरी गंमत १९८४ ची. तोवर ऑलिंपिकमध्ये बायकांना दीड हजार मीटरच्या पुढे पळूच देत नसत. म्हणे झेपणार नाही! (घरात पाण्याच्या घागरी कोण वाहतं, हे त्या साहेबांना कुणी विचारलं नसावं.) त्या वर्षी पहिल्यांदा बायकांची मॅरेथॉन ठेवली. अमेरिकेची निवड शर्यत १२ मे रोजी होती आणि त्याच्या फक्त सतरा दिवस आधी जोनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तरी ती पळाली आणि पहिली आली. मला विचारशील तर सुवर्णपदकापेक्षा हीच शर्यत मोठी.

५ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये पाचेक किलोमीटर झाले नाहीत तोच ती घोळका सोडून पुढे निघाली. मागे नॉर्वेची ग्रेटे वाइट्झ होती, आदल्या वर्षीची विश्वविजेती. मागच्यांना वाटलं, उन्हात दमेल, मग गाठू. पण ती सापडलीच नाही. रिकाम्या हायवेवर डोक्यावर पांढरी टोपी घातलेली एकटी जोन! २:२४:५२ मध्ये तिने शर्यत संपवली, ग्रेटे जवळपास दीड मिनिट मागे. पुढच्या वर्षी शिकागोत तिने २:२१:२१ ची वेळ दिली आणि तो अमेरिकन विक्रम २००३ पर्यंत टिकला.

त्यानंतरही ती थांबली नाही. पन्नाशीत ऑलिंपिकच्या निवड शर्यतीत पळाली, २:४९:०८. २०१९ मध्ये, बॉस्टनच्या त्या पहिल्या विजयाला चाळीस वर्षं झाली तेव्हा, तिने ठरवलं की जुन्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटांहून जास्त लागू द्यायची नाहीत. लागली एकोणतीसच. ३:०४, वय एकसष्ट.

बाबांना म्हणावं, हिशेब करा: किलोमीटरला साधारण चार मिनिटं बावीस सेकंद पडतात. ते स्कूटरवरून बाजारात जातात तेव्हा गर्दीत याहून जास्त वेळ लागतो.

गोधडी मिळाली. चिनू ती कुणाला हात लावू देत नाही. तुझ्या बुटांचं माप कळव, दिवाळीत येताना आणते.

तुझी,
मीनल