मंत्रिमहोदय, नांदेडला परवडेल असं विमान द्या

माननीय केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मराठवाड्यातून आपल्या मंत्रालयाकडे जाणारी पत्रं बहुधा धावपट्टी वाढवा, नवी सेवा सुरू करा, अशाच मागण्यांची असतात. त्यात मला भर घालायची नाही. माझं म्हणणं विमानाबद्दल आहे. देशात कोणतं विमान बनवायचं, हे ठरवताना आमच्यासारख्या जिल्ह्यांचा हिशेब कुणी मांडतच नाही.

27 एप्रिल 2017 रोजी छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवा देणारी ‘उडान’ योजना सुरू झाली, तेव्हा शिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबाद विमानालाही पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला होता. निम्म्या जागांना तासाभराच्या प्रवासासाठी अडीच हजारांची मर्यादा, आणि कंपनीचा तोटा भरायला तीन वर्षं अनुदान. नांदेडला आलेली ती विमान कंपनी पुढे बंद पडली. नांदेडची सेवा त्यानंतर कधी चालू, कधी बंद. हे एकट्या नांदेडचं रडगाणं नाही. कॅगने 2023 मध्ये दिलेला हिशेब पाहा: मंजूर 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनी तीन वर्षं काढली, आणि त्यानंतरही तग धरून राहिले ते मार्च 2023 पर्यंत अवघे 54.

अनुदान संपताच विमान का निघून जातं? कारणं बरीच सांगता येतील, पण आपल्याकडे विमान कंपनीच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा इंधनाचा असतो. कमी प्रवाशांच्या मार्गावर खादाड विमान पाठवलं की टर्मिनलला कितीही संगमरवर लावा, गणित बसत नाही.

आता आवाजाकडे येतो. मी छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाच्या शेजारी राहतो. विमान डोक्यावर आलं की फोनवरचं बोलणं थांबवायचं, हे आम्हाला अंगवळणी पडलं आहे. पण आवाज आणि इंधन ही दोन वेगळी दुखणी नाहीत. इंजिन हवा मागे फेकतं म्हणून विमान पुढे जातं. थोडी हवा फार वेगाने फेकली काय किंवा भरपूर हवा सावकाश फेकली काय, रेटा सारखाच मिळवता येतो. विमान उड्डाणासाठी धावपट्टीवर उभं असताना हवा दुप्पट घेऊन वेग निम्मा ठेवला, तर रेटा तोच राहतो आणि झोतात जाणारी ऊर्जा निम्मी होते. आवाजाचा फरक याहून मोठा. जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञाने 1952 मध्येच दाखवून दिलं होतं की झोताचा आवाज त्याच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढतो. म्हणजे वेग निम्मा झाला की आवाजाची शक्ती 256 पट कमी. झोत रुंद करावा लागत असल्यामुळे प्रत्यक्षात इतका फायदा पदरात पडत नाही, पण जो पडतो तोही थोडाथोडका नसतो.

जुन्या बोईंग 737-200 च्या इंजिनात इंधन जळतं त्या गाभ्यातून जितकी हवा जाई, साधारण तितकीच बाजूने जाई. आजच्या ए320 निओच्या गिअरच्या इंजिनात बाजूची हवा बारा पट असते. पुढचा मोठा पंखा सावकाश फिरायला हवा आणि मागची टर्बाइन जोरात, म्हणून दोघांच्या मध्ये साधारण तीनास एक असा गिअर घातला आहे. वाळूजच्या कारखान्यांत गिअर कापणाऱ्यांना ही कल्पना समजवावी लागणार नाही. एवढ्या ताकदीला तो टिकवायचा कसा, हेच ते आधी विचारतील. प्रश्न रास्त आहे. याच जातीच्या इंजिनांतल्या बिघाडांमुळे आपल्याकडची कितीतरी विमानं जमिनीवर बसली, आणि गो फर्स्ट या विमान कंपनीने मे 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करताना त्यांच्याकडेच बोट दाखवलं. तेव्हा नवं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही.

आमच्या अडीचशे-पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला तर साधं बाहेरच्या पंख्याचं, म्हणजे टर्बोप्रॉप, विमानच बरं. पंखा म्हणजे सावकाश फेकलेली भरपूर हवाच. जेटने वाचतात ती काही मिनिटं, पण इंधन बरंच जास्त जळतं. तरी ‘पंख्याचं विमान आलंय’ म्हणून नाकं मुरडणारे आमच्याकडेही आहेत, आणि पुढाऱ्यांना तर जेट म्हणजे प्रगती वाटते. आत बसल्यावर पंख्याची घरघर त्रास देते हेही खरं. तिच्यावर काम व्हायला हवं.

असं विमान आपल्याकडे बनवणार कोण? कानपूरला 1961 मध्ये इथेच जोडलेलं ॲव्ह्रो विमान उडालं, तेही पंख्याचंच. राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेच्या चौदा आसनी ‘सारस’ने 29 मे 2004 रोजी पहिलं उड्डाण केलं. 2009 मधल्या अपघातात हवाई दलाचे तिघे गेले, प्रकल्प रखडला. एकोणीस आसनी आवृत्तीचं काम चालू आहे, पण ‘सारस’मधून तिकीट काढून अजून कुणी प्रवास केलेला नाही. नव्वद आसनी प्रादेशिक विमानाबद्दल तर आम्ही वर्षानुवर्षं फक्त ऐकतो आहोत. दरम्यान ऑक्टोबर 2025 मध्ये विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएलने रशियन कंपनीशी एसजे-100 या जेटसाठी सामंजस्य करार केला. कुणाशी करार करायचा ते आपण ठरवा. पण हे विमान तीनशे किलोमीटरच्या फेरीत एका आसनामागे किती इंधन पितं, धावपट्टीच्या टोकाला किती आवाज करतं, हे आकडे पंख्याच्या विमानाच्या आकड्यांशेजारी ठेवून करारापुढे पाऊल टाकण्याआधी जाहीर करा.

आणखी एक. चाचण्या आमच्या उन्हाळ्यात घ्या. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून साधारण 580 मीटर उंच. मे महिन्यात तापलेली हवा विरळ होते, इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. 26 एप्रिल 1993 ला भर दुपारी इथून सुटलेलं 737-200 धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं आणि 55 माणसं गेली. चौकशीत दोष वैमानिकाने विमान उशिरा उचलण्याला आणि रस्त्यावरच्या न रोखलेल्या वाहतुकीला दिला गेला, उन्हाला नाही. तरीही आमच्या उन्हात पुरी भरून सहज उठेल अशी ताकद विमानात हवी. नाहीतर ऐन उन्हाळ्यात जागा रिकाम्या ठेवून उडावं लागतं, आणि पुन्हा तोटा.

हरित इंधनाच्या नावाखाली उसाकडे मात्र बघू नका, ही कळकळीची विनंती. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 2027 पासून एक टक्का असं इंधन मिसळायचं आपलं उद्दिष्ट आहे. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तिथल्या उसाच्या अल्कोहोलवर विमान उडवून आपण पर्यावरण वाचवतो आहोत, असं म्हणवणार नाही. पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करायचा कारखाना 2022 मध्ये सुरू झाला. आमच्या शेतांत कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्या जातात, त्यांच्यासाठी असाच एखादा कारखाना जालना-परभणीकडे का नको? त्याने विमानाचं मुळातलं खादाडपण भरून निघणार नाही, म्हणून हे मागणं दुसऱ्या क्रमांकाचं.

पहिलं मागणं आकड्यांचं. ते मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकलेत तरी चालेल, मला वेगळं उत्तर पाठवायची गरज नाही.

आपला,
चिकलठाण्याचा एक निवृत्त टूलरूम कामगार
छत्रपती संभाजीनगर