गाणी का बदलली ते कॅसेटच्या पट्टीला विचारा

संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार,

गेले दोन रविवार तुमच्या पुरवणीत जुनी गाणी विरुद्ध नवी गाणी असं जे चाललंय ते मी नेमाने वाचतोय. एका वाचकाने लिहिलं की नव्वदनंतर गाणं मेलं, दुसऱ्याने पुढच्या रविवारी उत्तर दिलं की जुनी गाणी नुसती रडकी होती. दोन्ही वाचून गप्प बसवेना म्हणून हे लिहितोय, जरा लांबलंय, पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

मी १९८४ ते २००३ कराडात कॅसेटचं दुकान चालवलं. आठ बाय दहाचा गाळा, एक डबल डेक म्हणजे दोन कॅसेटींचा टेप, दोन स्पीकर आणि भिंतभर कॅसेटी. विकत घ्यायच्या कॅसेटी होत्याच, पण खरा धंदा होता गाणी भरून द्यायचा. लोक वहीच्या पानावर यादी लिहून आणायचे, मी ती कोऱ्या कॅसेटमधे भरायचो आणि वरच्या कार्डावर बारीक अक्षरात नावं लिहून द्यायचो. एकोणीस वर्षं हेच केलं. त्यामुळे गाण्यांचा मूड कधी आणि कसा बदलला हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, पट्टी संपायच्या आत गाणं बसवता बसवता कळलंय.

ज्यांनी कॅसेट भरलीय त्यांना माहितीय, साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. यादी पन्नास-साठच्या दशकातली असली की एका बाजूला आठ, कधी ओढूनताणून नऊ गाणी बसायची. तीच यादी १९९२ची असली की पाच गाण्यांत बाजू संपली, सहावं अर्धवट तुटायचं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात. आठाची पाच का झाली? कारण जुनं गाणं ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीसाठी बांधलेलं होतं आणि त्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटांच्या वर मावायचंच नाही. मग संगीतकार काय करणार, मुखडा पटकन आणायचा, मधलं म्युझिक आटोपशीर ठेवायचं आणि दोन-तीन अंतऱ्यांत सगळं सांगून मोकळं व्हायचं. जुन्या गाण्यात शब्द इतके घट्ट का वाटतात त्याचं अर्धं कारण हे आहे. उरलेलं अर्धं अर्थात कवी, ते कुणी नाकारत नाही.

दुसरं म्हणजे रेडिओ. १९५२ मधे बी. व्ही. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा मोठा अभिमानी, आणि त्यांना सिनेमाची गाणी आकाशवाणीवर नको होती. लोक काय थांबतात का, लोकांनी रेडिओ सिलोन लावला आणि अमीन सायानींची बिनाका गीतमाला घराघरात गेली. पण या हट्टातून आपल्याला एक मोठी गोष्ट मिळाली हे कुणी बोलत नाही. सिनेमाची गाणी नकोत तर मग लावायचं काय, म्हणून आकाशवाणीने सुगम संगीताचे विभाग काढले, कवींकडून गीतं घेतली, संगीतकारांना चाली लावायला बसवलं. भावगीत त्याच्या आधीपासून होतं, गजाननराव वाटवे गावोगाव गात होतेच, पण त्याला दर आठवड्याचं हक्काचं घर मिळालं ते रेडिओवर. पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला, गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर आठवड्याला एक गाणं असं करत ५६ गाणी झाली. माझी आई सांगायची, आमच्या वाड्यात रेडिओ एकाच घरी होता, त्या वेळेला सगळ्या बायका त्यांच्या ओसरीवर जायच्या आणि गाणं संपेपर्यंत कुणी भांडं वाजवायचं नाही. आता सांगा, जे गाणं वाडाभर लोक एकत्र, हातातलं काम थांबवून ऐकणार आहेत ते गाणं शांत असणार, त्यात गोष्ट असणार, त्यातला प्रत्येक शब्द ऐकू येणार. शुक्रतारा सारखं गाणं त्याच जागेत जन्मलं.

त्या काळावर माझं मनापासून प्रेम आहे, संगीतकार श्रीनिवास खळे, म्हणजे खळेकाकांची चाल लागली की आजही मी हातातलं काम ठेवतो. पण एक गोष्ट मला सोन्याचा काळ म्हणणाऱ्यांना सांगायचीय. रेडिओवर गायचं तर ऑडिशन द्यावी लागायची, ग्रेड मिळवावी लागायची, आणि तबकड्या काढणारी मोठी कंपनी जवळपास एकच. त्या दारातून जे आत गेले ते आपण ऐकले. जे दाराबाहेर राहिले त्यांचं काय? ते जत्रेत गात होते, जयंतीला गात होते, चाळीच्या चौकात रात्रभर गात होते. कॅसेट आली आणि ते दार मोडलं. कॅसेट काढायला थोडे पैसे लागायचे, लहान लहान कंपन्या निघाल्या, आणि माझ्या दुकानात प्रल्हाद शिंदेंच्या विठ्ठलाच्या गाण्यांच्या कॅसेटी, भीमगीतं, कोळीगीतं, खंडोबाची गाणी यांचे ढीग लागले. आषाढीच्या आधी पंधरा दिवस मला प्रल्हाद शिंदे पुरायचे नाहीत. आनंद शिंदेंचं पोपटाचं गाणं आलं तेव्हा तर रिक्षा, टेम्पो, लग्न, वरात, कुठं म्हणून वाजत नव्हतं असं नाही. सुशिक्षित मंडळी नाक मुरडायची, मला तोंडावर म्हणायची, हे काय विकता. मी त्यांना म्हणायचो, साहेब, हा माणूस काल उगवलेला नाही, गळा बापाकडून आलाय, फक्त तुमच्या कानापर्यंत आज पोचला.

म्हणजे ऐंशीच्या दशकात गाणं मोठ्या आवाजाचं झालं, ठेक्याचं झालं, हे खरं आहे. ते ओसरीवरून उठून रिक्षात आणि मांडवात गेलं, तिथं इंजिनाचा आवाज, माणसांचा आवाज, त्याच्यावरून जायचं तर ठेका लागणारच. हिंदीत तेव्हा डिस्को चालू होता, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला गझलच्या कॅसेटी इतक्या खपायच्या की विचारू नका, जगजीत-चित्रा आणि पंकज उधास. एकच गिऱ्हाईक, मुलासाठी बप्पी लाहिरी न्यायचं आणि स्वतःसाठी रात्री ऐकायला गझल. दशकाला एकच मूड असतो हे मला कधीच पटलं नाही ते त्यामुळे. घरात टेपरेकॉर्डर आला, एकट्याने ऐकायची सोय झाली, म्हणून गझल चालली. त्याच मशीनने मांडवातला ठेका पण वाढवला.

मग १९८८ ते ९० या तीन वर्षांत वारं फिरलं. कयामत से कयामत तक, मैंने प्यार किया, आशिकी, एकामागून एक. मारामारीचे सिनेमे बघून कंटाळलेली माणसं परत चालीकडे आली आणि कॅसेटवाल्या कंपन्यांनाही कळलं की सिनेमा पडला तरी गाणी खपतात. यातला एक मुद्दा मी ज्याला त्याला सांगतो. मैंने प्यार कियाचे संगीतकार रामलक्ष्मण. ती मूळ जोडी होती, त्यातले राम १९७६ला गेले, आणि लक्ष्मण म्हणजे विजय पाटील, नागपूरचे, त्यांनी मित्राचं नाव पुढं आयुष्यभर लावलं. हेच रामलक्ष्मण दादा कोंडक्यांच्या १९७५च्या पांडू हवालदारचे संगीतकार. म्हणजे जो माणूस दादांच्या सिनेमाला तो ठेका देत होता त्यानेच चौदा वर्षांनी सगळ्या देशाला कबुतराचं गाणं गायला लावलं, आणि १९९४ला हम आपके हैं कौन केला. माणूस तोच, हात तोच. ऐकणारी जागा बदलली, मागणी बदलली, तशी त्याने पेटी वेगळी उघडली.

नव्वदमधे गाणं लांबलं कारण तबकडीची अट कधीच गेलेली, कॅसेटवर जागा होती, सिनेमात गाण्याचं शूटिंग मोठं व्हायला लागलं, त्यामुळे मधे मधे व्हायोलिनचे ताफे, कोरस, नाचाचे तुकडे. मला त्यातलं बरंचसं आवडायचं, खरं सांगतो. जे नाही आवडलं ते झंकार बीट्स. जुन्या रफी-लताच्या गाण्यावर वरून इलेक्ट्रॉनिक ढोल चढवायचा आणि नवीन म्हणून विकायचं. एक निवृत्त गुरुजी यायचे, त्यांना तलत मेहमूद हवे असायचे, आणि एकदा माझ्याकडे फक्त झंकारवालं होतं. त्यांनी काउंटरवर उभं राहून पहिल्या अंतऱ्यापर्यंत ऐकलं आणि म्हणाले, अहो हे गातायत त्यांच्या पाठीत कुणीतरी धपाटे घालतंय. ते कॅसेट न घेता गेले. मी दुसऱ्या दिवशी माझ्या घरची जुनी कॅसेट आणून त्यांना भरून दिली, पैसे घेतले नाहीत.

आता त्या रडकी गाणी म्हणणाऱ्या वाचकासाठी एक गोष्ट. आमच्या सातारा जिल्ह्यात गावोगावी फौजी. सुट्टी संपून परत निघाले की दुकानात येणार, नव्वद मिनिटांची कॅसेट भरून द्या म्हणणार. १९९१ मधे असाच एक जवान आला, वरती बर्फात पोस्टिंग होतं. ए बाजूला जुनी मराठी, बी बाजूला आशिकी आणि तसली नवी हिंदी. वर्षाने सुट्टीवर आला तो तीच कॅसेट घेऊन, म्हणाला एका ठिकाणी आवाज दबलाय, बघा. कॅसेटवाल्याला एक गोष्ट कळते, जिथं माणूस पुन्हा पुन्हा मागं घेऊन ऐकतो तिथं पट्टीला बारीक सुरकुत्या पडतात, चमक जाते, आवाज घोगरा होतो. मला वाटलं बी बाजू झिजली असेल, तेव्हा आशिकी सगळीकडे होती. बी बाजू ठणठणीत. झिजलं होतं ए बाजूचं तिसरं गाणं, मी डोलकर. शांताबाई शेळक्यांनी लिहिलेलं, हृदयनाथांची चाल, लता आणि हेमंतकुमार. मी विचारलं, अहो तुम्ही माणदेशातले, समुद्र बघितला का कधी, तर म्हणाला नाही, पण बरॅकमधे पंजाबची गढवालची पोरं आहेत, भाषा कळत नाही तरी रात्री हेच लाव म्हणतात आणि वल्हं मारल्यासारखे हात करतात. हे गाणं त्या सगळ्या तथाकथित रडक्या काळातलंच आहे. मी पट्टी नवीन भरून दिली, जुनी माझ्याकडे ठेवून घेतली, अजून आहे.

२०००नंतर सीडी, मग एमपी३, एका सीडीत दीडशे गाणी. यादी करायची गरजच संपली आणि माझं दुकानही. त्यानंतरचं मी घरी बसून ऐकतो. अजय-अतुलनी संबळ-ढोलकी आणि परदेशी वाद्यवृंद एकत्र आणला, २०१६च्या सैराटचं संगीत थेट लॉस एंजेलिसला जाऊन रेकॉर्ड झालं, आणि झिंगाटवर तर माझी पंचाहत्तरीची बहीणसुद्धा नातवाच्या लग्नात नाचली. जे दार कॅसेटने मोडलं त्याच दारातून हे आलं असं मला वाटतं. आजचं गाणं परत तीन मिनिटांच्या आत आलंय, सुरुवातीचं म्युझिक गेलं, कारण बोटाने पुढं ढकलायला एक क्षण लागतो आणि रीलला तीस सेकंद पुरतात. तबकडीनेही तीन मिनिटंच दिली होती. त्या तीन मिनिटांत तेव्हा तीन अंतरे बसायचे, आता एक ओळ आठ वेळा येते. इथं मात्र मी नव्वदनंतर गाणं मेलं म्हणणाऱ्याच्या थोडा जवळ जातो. वेळ कमी आहे ही सबब मी मान्य करणार नाही, वेळ तेव्हाही तेवढाच होता.

आणि ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते आता. माझ्याकडे लोकांनी लिहून दिलेल्या यादीचे कागद आहेत, एका ट्रंकेत, शे-दीडशे तरी असतील. सुरुवातीच्या यादीत लोक लिहायचे, पाडगावकरांचं अमुक, गदिमांचं तमुक, खळ्यांची चाल. कारण आकाशवाणीचा निवेदक प्रत्येक गाण्याला गीत कुणाचं, संगीत कुणाचं, गायक कोण, ही तीन नावं घ्यायचाच. नंतरच्या यादीत रफीचं, किशोरचं. नव्वदमधे माधुरीचं, शाहरुखचं. आणि आता माझा नातू म्हणतो, आजोबा ते रीलवालं लावा ना. मोबाईलवर गायकाचं नाव मोठं दिसतं, कवीचं शोधायला तीन ठिकाणी दाबावं लागतं. तुमच्या पुरवणीतही दर आठवड्याला नव्या गाण्यांची चौकट येते, गेल्या आठ आठवड्यांच्या मी काढून बघितल्या, एकीतही गीतकाराचं नाव नाही. आज मराठीत चांगली गीतं लिहिणारी तरुण मुलं-मुली आहेत, त्यांची नावं वाचकाला कळणार कुठून? चौकटीत एक ओळ वाढवा, एवढीच विनंती आहे. आकाशवाणीचा निवेदक तिन्ही नावं दहा सेकंदात घ्यायचा.

त्या याद्यांतल्या काही छापायच्या असतील तर माणसांची नावं झाकून झेरॉक्स पाठवतो.

आपला,
एक जुना कॅसेटवाला, कराड